एका विमानात दोघं नको

१९ नोव्हेंबर

दादा,

आज ऑफिस वेळेवर उघडलं. दोन्ही फिटर आले होते. दुपारी पत्र्याची गाडी आली, माल उतरवून घेतला. आईने सकाळी अर्धा कप दूध घेतलं, दुपारी काही नाही. डॉक्टर येऊन गेले. संध्याकाळी तू मागवलेले बर्नरचे नॉझल आणि गॅस्केट खोक्यात भरले. झाकण दाबून धरायला धाकटा म्हणून बारक्या असायचा. आज फिटरला हाक मारली.

हे पत्र त्याच खोक्यात, गॅस्केटच्या पाकिटाखाली ठेवते आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस. पण सुटे भाग आले की खोका स्वतःच फोडतोस, दुसऱ्याला शिवू देत नाहीस. म्हणजे हे तुझ्या हातात पडेल. वाचायचं की नाही ते तू ठरव.

वहिनीला तुझे फोन येतात. ती सांगते, गीझर दुरुस्त झाला का विचारलं, गाडीच्या विम्याची तारीख विचारली. "आईंची चौकशी करा की" असं ती म्हणाली की लगेच तुझी लाइन खराब होते. काल फोन ठेवून ती मला म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला विमानाची भीती नाही हो. घराची आहे."

डॉक्टरांनी आज मला खोलीबाहेर बोलावलं. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साचतंय, औषधाने निघेल तेवढं निघेल. "जे लांब असतील त्यांना कळवून ठेवा," म्हणाले. लांब असलेला तू एकटाच आहेस.

बारक्याचं आईला सगळं माहीत आहे. त्याच्याबद्दल ती बोलत नाही. "थोरल्याचं काम संपलं का?" एवढंच विचारते. मी म्हणते, संपत आलंय. तू परदेशात उभारायला गेलास ती भट्टी केव्हाच पेटली, बिस्किटं निघायला लागली, हे मला तिथल्या मॅनेजरने कळवलं आहे. ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारची एक सीट तुझ्या नावाने घेतली आहे. थेट विमान आहे, मधे उतरणं-चढणं नाही. विमान फार जुनं नाही. सीट मधल्या रांगेत, वाटेच्या कडेला. दार नाही, पडदा नाही. दोन्ही बाजूंना माणसं असतील. गुडघे थोडे अडतील. तेवढं चालवून घे.

५ डिसेंबर

दादा,

आज नव्या भट्टीचा पट्टा चालवून बघितला. एका अंगाला सरकतो आहे. फिटर म्हणाला, दादासाहेब आल्यावर बघतील. त्याला बरं म्हटलं.

तू शुक्रवारी बसला नाहीस. विमान इथे उतरल्यावर मी स्क्रीनवर पाहिलं, तुझ्या नावापुढे 'प्रवासी आला नाही' असं होतं. थोड्या वेळाने कॅप्टनचा फोन आला. जन्मात स्कूटरशिवाय काही चालवलं नाही, पण तिकिटं विकतो म्हणून बारक्याने त्याला कॅप्टन केलं, ते चिकटलंच. त्याने नेहमीचं सुरू केलं, "ताई, साहेबांना सांगा, प्रवासाचे प्रश्न दोनच. पोचेन का, आणि पाय लांब होतील का. दोन्हींची उत्तरं मी खिशात घेऊन फिरतो." मग त्याला आठवलं असावं. "चुकलं माझं," म्हणाला आणि फोन ठेवला.

बारक्या गेला त्या दिवशी तिथल्या विमानतळावरून तू मला फोन केलास तेव्हा एकच विचारलंस, "दाराची सीट तू घेतलीस ना?" मी हो म्हटलं. तू फोन ठेवलास. त्यानंतर आपलं बोलणं नाही. ती का घेतली, हे सांगायची वेळ आली नाही, म्हणून इथे लिहिते.

दोन विमानं होती. एक मधे थांबणारं, जरा जुनं, तुमच्या नेहमीच्या ओळखीचं. दुसरं थेट, नवं, सीटचा पलंग होणारं, सीटला सरकतं दार. बारक्याचा खांदा दुखत होता. पॅनेल उचलताना लचक भरली असं तो म्हणत होता आणि आपणही सगळे तेच म्हणत होतो. तो माझ्या टेबलावर येऊन बसला. "ताई, आडवं पडायला मिळेल असं काहीतरी बघ गं. पोचल्या पोचल्या दादा मला बैलासारखं पॅनेलला जुंपणार." मी दोन्ही विमानांची माहिती काढली. कुणाचं वय किती, कुणाला कधी काय झालं होतं, सगळं. एक उड्डाण कमी म्हणजे एक धोका कमी. जे सुरक्षित तेच आरामाचं, असं फार क्वचित जुळतं. तिकीट काढून झाल्यावर मला बरं वाटलं होतं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याने दार ओढून घेतलं आणि 'उठवू नका' ची बत्ती लावली. जेवणाची गाडी त्याच्या दारावरून गेली, नाश्त्याचीही गेली. बत्ती लावलेली असली की उठवायचं नाही, हे त्यांना शिकवलेलंच असतं. साध्या सीटवर असता तर शेजारच्याला निदान बाथरूमला जाण्यासाठी तरी त्याला हलवावं लागलं असतं. डॉक्टर म्हणतात, तरी उपयोग झाला नसता. बहुतेक डॉक्टर बऱ्या मनाचे असतात.

विमानाला काही झालं नाही. वेळेच्या आधी उतरलं.

आगमनाच्या दारात तू पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा असशील. आधी पोचणाऱ्याने पाटीवर काहीतरी अचरट नाव लिहून उभं राहायचं, ही तुमची जुनी खोड. मागच्या खेपेला बारक्याने तुझ्यासाठी 'बिस्किटसम्राट थोरले महाराज' लिहिलं होतं. परक्या देशात ते कुणाला वाचता यायचं नाही, तरी तुम्ही दोघं पोट धरून हसायचात आणि इथे येऊन आम्हाला सांगताना पुन्हा हसायचात. त्या दिवशी पाटीवर काय होतं ते मी विचारणार नाही.

बावीस तारखेची सीट घेतली आहे. मधे एक थांबा आहे. अर्ध्या वाटेत उतरून चालता येईल, माणसांत बसता येईल. तुझ्या मनाचा विचार करून थांब्याचं घेतलं.

३० डिसेंबर

दादा,

बावीसलाही तू आला नाहीस.

आईला आता बसवूनच ठेवावं लागतं. आडवी झाली की दम लागतो. पाठीला तीन उशा लावून ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. दिवसा मी, माझं ऑफिस असलं की वहिनी. आज ऑफिसला सुट्टी होती म्हणून मी तिच्याजवळ बसून लिहिते आहे.

बाबांचा नियम कुठून आला ते आज आठवत होते. साचे बनवून देणारे ते गृहस्थ आणि त्यांचे दोन्ही मुलगे एकाच विमानात होते. महिन्याभरात त्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. बाबा तिथे जाऊन आले आणि जेवताना म्हणाले, "आपल्याकडे एका विमानात दोघं नको." मी विचारलं होतं, "आणि मी?" बाबा हसले. "तू कुठे जाणार आहेस?" तुम्ही दोघंही हसलात. मीही हसले असेन.

तेव्हापासून तुमच्यातला एक आदल्या दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी. येतानाही तसंच. सगळी तिकिटं मीच काढली. तुम्ही एवढं जग फिरलात पण एकमेकांशेजारी बसून कधी ढग पाहिले नाहीत, हे माझ्या आता लक्षात आलं.

निघायच्या आधीच्या रविवारी बारक्या म्हणाला, "दादा, ह्या खेपेला तुझ्याबरोबरच येतो. अंगात बरं वाटत नाही. सोबत होईल."

तू वर्तमानपत्र खाली न घेता म्हणालास, "पन्नाशीला आलास, बोट धरून नेऊ का? बाबांचा नियम आहे."

"बरं बाबा. माझ्यापायी कारखाना बुडायला नको," तो म्हणाला. त्याने तुझ्या ताटलीतलं बिस्कीट उचललं आणि गेला.

वहिनी तेव्हा आत चहा करत होती. तिने हे ऐकलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही, तिला नाही आणि आईलाही नाही. सांगणारही नाही. मला आठवत नसेल अशा समजुतीत तू असशील तर तसं नाही, एवढंच. सीट मी घेतली, नियम तू पाळलास. दोघांनी आपापल्या परीने त्याला जपलंच. ह्यावरून तू माझ्याशी बोलणं सोडावंस, किंवा मी तुझ्याशी, असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मला सारखी आठवते. त्याला इकडे पाठवायचं ठरलं तेव्हा तू वहिनीला फोनवर म्हणालास, "तो ह्या विमानाने येईल, मी पुढच्याने येतो." सवयीनेच म्हणाला असशील. वहिनी आणि मी विमानतळावर मालाच्या दाराशी उभ्या होतो. कागदांवर सह्या करून त्याला ताब्यात घेतलं. मग पुढचं विमान आलं. आम्ही सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत थांबलो.

आता तो नियम राहिलेला नाही. दोघं असतील तर नियम. तू कुठल्याही विमानात बसू शकतोस.

२२ जानेवारी

दादा,

आईला घरी ऑक्सिजन लावला आहे. यंत्र दिवसभर घरघरतं. आज ती बरी होती. वहिनीला म्हणाली, "सूनबाई, माझा मुलगा कुठे ठेवलास?"

वहिनी म्हणाली, "भट्टीत घातलाय. फुगला की काढते."

आई हसली आणि हसता हसता इतकी धाप लागली की आम्ही दोघी घाबरलो. ती मात्र हातानेच, असू दे असू दे, म्हणत होती.

डॉक्टर आता आठवड्यांत बोलतात.

मी सीटा बदलून बघितल्या, विमानं बदलून बघितली. सुरक्षित कुठलं, आरामाचं कुठलं, ह्यापलीकडे मला काही येत नाही. तुला काय हवं ते ह्यात नसावं. एकट्याला बसवत नसेल तर मी येते. तिथे येते, आणि येताना तुझ्या शेजारी बसते. नियमात माझं नाव नव्हतं.

११ फेब्रुवारी

दादा,

वहिनी सकाळी घरातल्या चपलांवरच ऑफिसात आली. मला वाटलं आईचं काही झालं. तिला धाप लागली होती. म्हणाली, "वन्सं, उठा. 'बुक कर म्हणावं, शेजारी-शेजारी,' असं म्हणालेत."

मी तिला दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाला का. "अहो, असंच. आणि पुढे विचारतात, तिच्या पाटीवर काय लिहू. मी म्हटलं, मला काय विचारता, तुमचे पोरखेळ तुमचे तुम्ही बघा."

मग ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली आणि रडली. बारक्या गेला त्या दिवसानंतर मी तिला आजच रडताना पाहिलं.

कॅप्टनला फोन केला. कुणासाठी ते सांगितलं. "ताई, तुम्ही? पासपोर्ट आहे?" आहे म्हटलं. कोरा आहे, पण आहे. बाबा गेल्यावर बारक्याने हट्टाने काढायला लावला होता, मग मुदत संपली की दर वेळी तोच फॉर्म भरून आणायचा. जाण्याचं माझं तिकीट एकोणीस तारखेचं आहे. परतीची आपली दोघांची पंचवीसची. मधली रांग, शेजारच्या दोन सीट, सीटांमधला टेकायचा हात वर करता येतो. विमानाचं वय ह्या वेळी मी बघितलं नाही. जे सगळ्यात आधी मिळालं ते घेतलं.

आईला सांगितलं, दादाला आणायला जाते. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू? विमानाने?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "खिडकीशी बसू नकोस. वारा लागतो."

बॅग भरली आहे. तुम्हा दोघांना मी प्रत्येक खेपेला बळेच द्यायचे ते घट्ट मोजे ह्या वेळी माझ्यासाठी घेतले. बारक्याच्या सामानाबरोबर त्याची मानेची उशी परत आली होती, ती घेतली. तुमची एवढी तिकिटं काढली, पण विमान सुटताना काय धरून बसायचं असतं हे मला माहीत नाही. जाताना मी माझं बघून घेईन. येताना तू सांग.

हे पत्र खोक्यात टाकत नाही. बरोबरच आणते.

२७ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र ह्याच्याबरोबर ठेवते आहे.

आई अठराला सकाळी गेली. ते तुला वहिनीने लगेच कळवलं. माझं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

शेवटचं बोलणं तुला कुणी सांगितलं नसेल. ती पहाटेपासून अर्धवट जागी होती. मला बघून म्हणाली, "आलीस? तो कुठाय?" मी म्हटलं, "हात धुतोय." तिने मान हलवली आणि दाराकडे बघत राहिली. तिला घाई नव्हती. नंतर केव्हा थांबली ते यंत्राच्या घरघरीत कळलं नाही. वहिनीने हात लावला तेव्हा कळलं.

तू वहिनीला म्हणालास, "आता येऊन काय करू." ह्या वेळी ती तुला काही बोलली नाही. दोन दिवसांनी मी तिला विचारायला सांगितलं, तरीही मी येऊ का. तू नको म्हणालास. बरं. पुन्हा विचारणार नाही. तिथेच नवी भट्टी घ्यायचं चाललंय आणि तू राहणार आहेस, असं मॅनेजरकडून कळलं. इथला पट्टा फिटरने जमेल तसा बसवला. थोडा सरकतो, पण चालतो.

वहिनी तिच्या बहिणीकडे गेली आहे. कधी येणार ते बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तिची खोली तशीच ठेवली आहे. ऑक्सिजनचं यंत्र परत नेलं. घर आता फार शांत वाटतं.

तिकिटं रद्द करायची राहून गेली. कॅप्टनने दोनदा आठवण केली होती. आपलं परतीचं विमान पंचवीसला तिथून सुटलं. मी ऑफिसात स्क्रीन उघडून ठेवली होती. वाटेत कुठे अडचण आली नाही. वेळेवर उतरलं, सुखरूप. आपल्या दोन्ही नावांपुढे 'प्रवासी आला नाही' असंच लिहून आलं, खाली-वर. कुणीतरी त्या दोन सीटांवर मधला हात वर करून आडवं झालं असेल. त्याची चांगली झोप झाली असेल.

पाटीवर काय लिहिलं होतंस, किंवा लिहायचं ठरवलं होतंस, ते कळवू नकोस.

आज बॅग उघडली. स्वेटर कपाटात ठेवला. मोजे गुंडाळून खणात टाकले. उशी बारक्याच्या खोलीत नेऊन ठेवली. पासपोर्ट होता तिथे ठेवला.

तू मागवलेले थर्मोकपल, गॅस्केट आणि पट्ट्याचे सांधे भरून झाले आहेत. पत्रं गॅस्केटच्या पाकिटाखालीच आहेत. फिटर घरी गेले. खोका एकट्याने बंद करायचा तर झाकणावर कोपर दाबून धरायचं आणि टेपचं टोक दाताने सोडवून दुसऱ्या हाताने ओढत न्यायची. जरा वाकडी बसते. पण बसते.